लोटा तीनदाच भरतो

म्हैस उडाली आणि धम्मानंदांनी पेन खाली ठेवलं.

"कशी?" त्यांनी विचारलं.

प्रियदर्शिनीनं मोबाइलवर चालू असलेला आपलाच आवाज थांबवला. "कशी म्हणजे काय पप्पा? उडाली. जादूची म्हैस आहे."

"म्हशीचं वजन साडेचारशे किलो तरी धर. तू पंखसुद्धा दिले नाहीस तिला."

स्वयंपाकघरातून जयवंताबाईंचा आवाज आला. "आवो, उडू द्या की! तुमच्या बापाची हाय का म्हैस?"

धम्मानंदांनी चष्मा पुसला, पेन उचललं आणि म्हैस उडाल्याचं लिहून घेतलं. पण कसं, तर पंचनाम्यावर सही करणाऱ्या साक्षीदारासारखं, मनाविरुद्ध.

बापानं लिहून घ्यायचं आणि लेकीनं सांगायचं, अशी ही उलटी वाटणी कशी झाली ते सांगायला हवं. प्रियदर्शिनी छत्तीस वर्षांची, आबिड्सला विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. हैदराबादेत जन्मली, इंग्रजी आणि तेलुगूत शिकली. मराठी बोलायला लागली की थांबायची नाही, पण वाचायची ती अक्षराखाली बोट धरून, आणि लिहायची तर विचारूच नका. कुठली वेलांटी ऱ्हस्व आणि कुठली दीर्घ हे ती बहुधा नाणं उडवून ठरवत असावी. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून ती गोष्ट मोबाइलमध्ये बोलून ठेवायची, आणि संध्याकाळी घरी धम्मानंद ती लांब वहीत उतरवून घ्यायचे.

गोष्ट रविवारी वाचायची होती. बरकतपुऱ्यातल्या विहारात दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर असायचं. त्यात शेवटच्या दिवशी गेली तीस वर्षं धम्मानंदांचा कार्यक्रम ठरलेला. यंदा शिबिर चालवणाऱ्या किशोरनं सांगितलं, "काका, या वेळी दर्शूताईची गोष्ट ठेवू या. तुम्ही सोबत असाच." प्रियदर्शिनीनं आयुष्यात लिहिलेली ही पहिली गोष्ट. घरात कोणीच कधी गोष्ट रचली नव्हती. तिला ती नीट व्हायला हवी होती, आणि ती तिची व्हायला हवी होती.

धम्मानंदांचा कार्यक्रम म्हणजे 'चमत्काराची पोलखोल'. नारायणगुड्याच्या एका कॉलेजात रसायनशाळेत सहायक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि रविवारी एक पत्र्याची पेटी घेऊन वस्त्या-वस्त्या पालथ्या घातल्या. पेटीत कापूर, ग्लिसरीन, पोकळ नकली अंगठा, काळा दोरा आणि एक पितळी लोटा. हवेतून अंगारा काढायचा, जिभेवर कापूर पेटवायचा, लोकांनी हात जोडले की लगेच हात उघडून दाखवायचा. बघा, असं करतात. तुम्हाला असं फसवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या घरात मूठ झाकून ठेवायला परवानगीच नव्हती. आयुष्यभर बाबा लोकांशी भांडलेल्या या माणसानं मुलीला आपल्याला बाबासुद्धा म्हणू दिलं नाही. म्हणून पप्पा.

तर अशा माणसाच्या हातात प्रियदर्शिनीनं आपल्या जादूच्या गोष्टीचं पेन दिलं होतं. विस्तवाशेजारी लोणी ठेवलं आणि वितळलं म्हणून रडलं, तर दोष कुणाचा?

शुक्रवारी ती वही घेऊन ऑफिसला गेली. वाचायचा सराव करावा म्हणून जिन्यात बसली आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. खडकपूर नावाचा देश होता. बरोबर. त्या देशात एकावर एक प्रचंड दगड रचलेले होते, ते राक्षसांनी खेळता खेळता रचले होते. बरोबर. पुढं बोट सरकलं. 'म्हणजे लोक तसं म्हणत. खरं तर लाखो वर्षं ऊन-पावसानं झिजून खडक असे सुटे होतात.'

हे तिनं सांगितलं नव्हतं.

ती घाईनं पुढं वाचू लागली, म्हणजे तिच्या घाईनं. म्हैस उडाली. 'तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबची वस्तू अधांतरी दिसते, तसा भामाला भास झाला.' भामा म्हणजे गोष्टीची नायिका. चिंचेचं झाड बोललं. 'झाडामागं कोणीतरी असावं.' प्रत्येक जादूच्या पाठीला तिचा उलगडा, मोत्यासारख्या अक्षरात, आणि एकही खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: एकूण जादू सतरा, उलगडे सतरा.

बरं, त्यांनी हे चोरून केलं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं. त्यांनी केलं ते कर्तव्य समजून. जादू दाखवली की उलगडा द्यायचाच, भात वाढला की वरण वाढायचं तसं. लेक घाईत विसरली असेल, म्हणून त्यांनी वाढलं.

संध्याकाळी ती घरात शिरली ती चप्पल न काढताच. "पप्पा, हे काय आहे?"

"काय?"

"सतरा उलगडे."

"मग? द्यायला नकोत?" धम्मानंदांना खरोखर कळेना. "मुलं आहेत समोर. म्हैस उडते असं सांगून घरी पाठवायचं त्यांना?"

"गोष्ट आहे ती! मुलांना कळतं ती गोष्ट आहे ते!"

"मोठ्यांना कळत नाही, मुलांना कुठून कळणार? आपल्या वस्तीतले शिकले-सवरलेले लोक ताईत बांधून फिरतात, दर्शू. पदवीधर. ती गोष्टच असते, कोणीतरी सांगितलेली."

"हौ, माहीत आहे मला. लहानपणापासून ऐकते आहे." तिचा आवाज चढला, तशा जयवंताबाई हात पुसत बाहेर आल्या. "पप्पा, मला एक सांगा. मी किती वर्षांची होते तुमच्यासोबत यायला लागले तेव्हा?"

"सहा. पहिलीत होतीस."

"माझं काम काय होतं?"

काम धम्मानंदांना आठवत होतं. लोट्यात पाणी भरून द्यायचं आणि पहिल्या रांगेत बसून तोंडाचा आ करायचा.

"तुम्ही लोटा पालथा करायचे. सगळी पोरं 'अब्बो' म्हणायची. त्यांचे डोळे असे व्हायचे." तिनं हातांनी दाखवलं. "आणि मला माहीत असायचं. आत दुसरी भिंत आहे, कडेला टाचणीएवढं भोक आहे. भोकावर अंगठा दाबला की पाणी भिंतीत अडतं, अंगठा काढला की लोट्यात उतरतं. लोटा तीनदाच भरतो, चौथ्यांदा नाही. सगळं मला आधी सांगितलेलं. मी सहा वर्षांची होते, पप्पा, आणि मी कधी थक्कच झाले नाही. एकदाही नाही. मी फक्त तोंड उघडं ठेवलं." तिला रडू आलं आणि आल्याचा रागही आला. "म्हणून लिहिली ही गोष्ट. दुसऱ्या कुणासाठी नाही. आणि तुम्ही त्यातसुद्धा भोक दाखवलंत."

जयवंताबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की त्यापेक्षा चार शब्द परवडले असते. मग त्यांनी ते चार शब्दही सुनावले. "लेकराला एक गंमत नाही ठिवली तुम्ही. सांगत होते मी तवाच."

प्रियदर्शिनी न जेवता खोलीत गेली. धम्मानंद वही पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. त्यांनी लेकीला काय काय दिलं होतं याचा हिशेब त्यांच्याजवळ पक्का होता: शिक्षण, निर्भयपणा, कुणापुढं न वाकणारी मान. त्यातून काही काढूनही घेतलं होतं, हे आज पहिल्यांदा कानावर आलं होतं.

शनिवारी सुट्टी. ती उठून आली तेव्हा वही टेबलावर उघडी होती. सतराही उलगड्यांवर पट्टी धरून रेघ मारलेली होती. धम्मानंद चहा घेत होते.

"बस," ते म्हणाले. "म्हैस उडू दे. झाड बोलू दे. तुझी गोष्ट आहे. एका लोट्याबद्दल मात्र मला बोलायचंय. उलगडा मागत नाही मी. ऐकून घे, पटलं नाही तर सोडून दे."

तिच्या गोष्टीत असं होतं: खडकपूरचं एकुलतं एक तळं राजानं पहाऱ्यात ठेवलं होतं आणि भामाच्या वस्तीला तिथं जायची बंदी होती. भामाला रानात एक लोटा सापडतो. तो कधीच रिकामा होत नाही. भामा तो वस्तीत आणते, सगळे पोटभर पाणी पितात, गोष्ट संपते.

"माझी आई विहिरीच्या कडेला उभी राहायची," धम्मानंद म्हणाले. "देगलूरकडच्या आमच्या गावात. घागर खाली ठेवायची आणि मागं सरून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचं. मी तिचा पदर धरून उभा असायचो. कधी तास, कधी दोन तास. आता मला सांग, त्या वेळी तिची घागर जादूनं भरली असती, तर?"

"तर बरंच झालं असतं ना."

"झालं असतं. त्या दिवशी झालं असतं. आणि विहीर त्यांचीच राहिली असती. भरलेली घागर घेऊन ती रोज गुपचूप घरी गेली असती, आणि मीही तिच्या मागं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझा लोटा रिकामाच होत नाही, दर्शू. मग भामा तळ्यावर कशाला जाईल?"

आजीची ही गोष्ट प्रियदर्शिनीनं पूर्वी ऐकली होती, पण सभेत ऐकलेल्या भाषणासारखी. पदर धरून उभं राहिलेलं पोर त्यात आज पहिल्यांदा दिसलं. आणि वाईट असं, की म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. रागावलेलं असताना समोरच्याचं बरोबर निघावं यासारखा त्रास नाही.

तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, चहा प्याली आणि मग म्हणाली, "लिहा. लोटा तीनदाच भरतो."

धम्मानंदांनी पेन उघडलं.

"भामा तळ्याकडं निघते. सोबत म्हातारी आजी आहे आणि शेळी. रस्ता लांब आहे. पहिल्यांदा लोटा शेळीसाठी भरतो, दुसऱ्यांदा आजीसाठी, तिसऱ्यांदा भामासाठी. मग रिकामा. तळं अजून एक कोस लांब आहे. ते त्यांना स्वतःलाच चालायचंय." ती थांबली. "म्हैस काढा."

"अगं, राहू दे. मी काही म्हणत नाही."

"उडणारी म्हैस असताना चालत कोण जाईल? काढा. झाडही काढा, रस्ता त्यांनाच शोधू दे." एकेक करत सतरातल्या पंधरा जादू तिनंच उडवल्या, आणि प्रत्येक वेळी धम्मानंदांचाच जीव थोडा हळहळला. चिंचेचं झाड त्यांना आतून आवडलं होतं. "दगडांचे राक्षस मात्र राहणार."

"राहू देत," धम्मानंद लगेच म्हणाले. मग जरा ओशाळून, "झीज वगैरे सगळं मला माहीत आहे. पण ते एवढे मोठे धोंडे एवढ्याशा टोकावर उभे बघितले ना, की मलाही ते पूर्ण कधी पटलेलं नाही."

तिला हसू आलं. कालपासून पहिल्यांदा.

"एक माझीही अट," ते म्हणाले. "गोष्टीत उलगडा नाही, कबूल. पण तू वाचताना मी लोटा करून दाखवीन, आणि गोष्ट संपल्यावर मुलांनी विचारलं तर त्यांना सांगणार. फसवून घरी नाही पाठवणार कुणाला."

"सांगा. गोष्ट संपल्यावर."

दुपारी जेवण झाल्याबरोबर धम्मानंद कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले. एवढ्या उन्हात कुठं, म्हणून जयवंताबाईंनी विचारलं तर "येतो" एवढंच म्हणाले. संध्याकाळी परत आले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. पिशवीतलं काहीतरी पेटीत टाकून त्यांनी पेटी नेहमीच्या जागी कपाटावर ठेवली आणि कोणाशी न बोलता आंघोळीला गेले.

रविवारी विहाराचा वरचा हॉल मुलांनी भरला होता. तीसेक पोरं, निम्म्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण समजत सगळ्यांना होतं. प्रियदर्शिनीनं लोटा स्वतः नळाखाली धरून भरला, लहानपणीसारखा, काठोकाठ. हाताला तोच भार लागला. कडेचं भोकही तिथंच होतं. तिनं तो बापाच्या हाती दिला आणि वही उघडली.

पहिलं पान अडखळत गेलं. मग तिनं बोट काढून घेतलं आणि अर्धं वाचत, अर्धं मनानं सांगत गेली. खडकपूरच्या राक्षसांना मुलं हसली. राजाच्या पहारेकऱ्यांना त्यांनी नावं ठेवली. भामानं लोटा शेळीपुढं धरला आणि बाजूला उभ्या असलेल्या धम्मानंदांनी खरा लोटा बादलीत ओतला. पाणी पडलं, लोटा पालथा केला, थेंब नाही. आजीची पाळी आली तेव्हा सरळ केला, पुन्हा ओतला. पाणी. "अब्बो!" सगळा हॉल एकदम म्हणाला. पहिल्या रांगेत माधवी नावाची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि ते मिटायचं तिला भान नव्हतं. प्रियदर्शिनीनं तिच्याकडं पाहिलं. हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

शेळी झाली, आजी झाली, भामा झाली. तीन. "आणि मग लोटा रिकामा झाला," तिनं वाचलं. धम्मानंदांनी तो पालथा धरून जोरात झटकला. अंगठा त्यांनी पूर्ण उचललेला होता, तिनं नेमकं तिकडंच पाहिलं. आत काही उरलं नव्हतं.

मग भामा चालली. शेवटचा कोस आजीला हाताशी धरून, शेळी मागं. त्यांच्यामागून वस्तीतलं एकेक माणूस घराबाहेर आलं आणि चालू लागलं. तळ्यावर पहारेकरी होते, पण इतके लोक त्यांनी कधी मोजले नव्हते. भामा खाली वाकली, तळ्यात हात बुडवला आणि ओंजळीनं पाणी प्याली. इतकंच. प्रियदर्शिनीनं वही मिटली.

टाळ्या पडल्या. मागं किशोर उभा राहून वाजवत होता. जयवंताबाई शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या, माझीच हाय ती.

"दर्शू," धम्मानंद म्हणाले, "एवढं बोललीस. घसा सुकला असेल. ओंजळ कर."

तिला वाटलं, चेष्टा करताहेत. टाळ्या अजून चालूच होत्या. तिनं हसत हात पुढं केले.

त्यांनी लोटा वाकवला, आणि पाणी आलं.

गार पाणी, धार धरून, ओंजळ भरून बोटांच्या फटीतून खाली सांडेपर्यंत. प्रियदर्शिनी लोट्याकडं बघत राहिली, मग अंगठ्याकडं, मग पुन्हा लोट्याकडं. भरला तिनंच होता. तीन तिनंच मोजले होते. चौथं पाणी त्या लोट्यात नव्हतं, असूच शकत नव्हतं, तीस वर्षांत कधी नव्हतं. तिच्या तोंडाचा आ झाला होता, आणि या वेळी तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताता!" तेलुगूत आजोबांना हाक मारत माधवी उठून उभी राहिली. "कैसा किए ताता? बोलो ना!"

"सांगतो, सांगतो. या सगळे जवळ," धम्मानंद म्हणाले. शब्दाला जागायचं होतं. पोरं लोट्याभोवती गोळा झाली. त्यांच्या डोक्यांवरून त्यांनी लेकीकडं पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "तुला सांगू?"

"नको," ती म्हणाली. "पप्पा, नको. त्यांना सांगा. मी बाहेर थांबते."

ओंजळ सांभाळत ती दाराबाहेर आली आणि चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसली. पाणी अर्धं सांडलं होतं. उरलेलं ती प्याली. मागोमाग जयवंताबाई आल्या, शेजारी टेकल्या आणि गुपित पोटात न मावणाऱ्या बाईच्या सुरात म्हणाल्या, "काल दुपारच्याला तीन तास कुठं गेलते म्हाइती का? मला समदं—"

"आई, एक शब्द बोलू नकोस."

आत धम्मानंदांनी घसा साफ केला. "तर बघा मुलांनो, या लोट्याच्या आत..."

प्रियदर्शिनीनं ओले हात दोन्ही कानांवर घट्ट दाबले, आणि पोरं ओरडत बाहेर येईपर्यंत ते काढले नाहीत.